हयातसाहेब आहेत

माणूस जिवंत आहे की नाही हे ओळखण्यात हयातसाहेबांचा हात धरणारा अख्ख्या शहरात कोणी नव्हता. डॉक्टर नाडी बघतात, डोळ्यांत बॅटरी मारतात, नाना भानगडी करतात. हयातसाहेब चष्म्याच्या वरून एकदा बघायचे आणि शिक्का हाणायचे. पेन्शन कचेरीच्या एका खिडकीत त्यांची सारी नोकरी गेली. दरवर्षी म्हातारेकोतारे काठ्या टेकत यायचे, "साहेब, मी आहे" म्हणायचे, आणि साहेब त्यांना हयातीचा दाखला द्यायचे. त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव पुढे त्यांच्या बायकोला आणि बँकेला तेवढं ठाऊक राहिलं. त्यातली बायको गेली. बँक आहे.

काकू गेल्यापासून साहेब तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. मुलगा लांब नोकरीला. मुलगा चांगला होता हो, उगाच नावं ठेवायला नकोत. दर रविवारी न चुकता फोन करायचा. "बाबा, जेवलात का? औषध घेतलं का? बाकी काय?" आता 'बाकी काय'ला उत्तर काय द्यायचं? साहेब म्हणायचे, "बाकी ठीक." झालं, संपला रविवार. आठवडाभर मनात साठवलेलं सगळं, म्हणजे गॅलरीच्या पाइपात अडकलेली खार, नव्या चपलेने सोललेला अंगठा, हे सारं पुढच्या रविवारवर जायचं. एकदा साहेबांनी धीर करून खारीचा विषय काढला, तर पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. खार बिचारी पाइपातच राहिली.

त्याच फोनवर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही सोशल मीडियावर या बघू. मित्र होतील. वेळ जाईल."

"या वयात नवे मित्र?"

"तिथे वय कोण बघतंय?"

साहेबांना ही गोष्ट आवडली. त्यांचं वय हल्ली जो तो बघत होता.

समोरच्या दारात विमेवाले राहत. स्वतःच्या घरातला गळका नळ वर्षभर गळू देतील, पण दुसऱ्याच्या कामात त्यांना भलता हुरूप. ते लगेच येऊन बसले आणि साहेबांचा फोन ताब्यात घेतला.

"साहेब, पहिली गोष्ट, खरं नाव द्यायचं नाही. चोर टपलेले असतात. 'हयातसाहेब' टाकू. आणि फोटो तर मुळीच नाही. लोक फोटोचं काय वाटेल ते करतात."

"मग तिथे काय लावायचं?"

विमेवाल्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि रस्त्याकडच्या खिडकीतल्या कुंडीचा फोटो काढला. काकूंनी लावलेलं कसलंसं झाड होतं, आणि कुंडीला निळा रंगही काकूंनीच दिला होता. "कुंडीचं कोण काय वाकडं करणार?" विमेवाले म्हणाले. अशा रीतीने साहेब कुंडीचा चेहरा घेऊन जगापुढे उभे राहिले.

दुसऱ्याच दिवशी मैत्रीच्या विनंत्या आल्या. एक दंड फुगवलेला तरुण, एक फ्रिज दुरुस्त करणारी कंपनी आणि एक फारच नटलेली बाई. आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? बटण दाबलं असतं. पण साहेब जन्मात कधी चौकशीशिवाय शिक्का मारणारे नव्हते. त्यांनी तिघांनाही एकच मजकूर धाडला. 'आपली मैत्रीची विनंती मिळाली. आपला व माझा परिचय कोठे व कसा झाला, ते कळवावे. त्यानंतर योग्य तो विचार करण्यात येईल.' तरुण गप्प झाला, बाई अंतर्धान पावली, आणि फ्रिजवाल्यांनी गॅस भरायचा आहे का ते विचारलं.

पहिल्या मजल्यावर चित्रकलेच्या निवृत्त मास्तरीणबाई राहत. जिन्यात भेटल्या तेव्हा साहेबांनी त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, मैत्री करताय की पेन्शन मंजूर करताय? येईल त्याला हो म्हणा."

साहेबांनी मग येईल त्याला हो म्हटलं. बघता बघता शेकड्यांनी मित्र झाले. कचेरीत इतकी माणसं त्यांच्याकडे कधी वर्षअखेरीलाही आली नव्हती. सकाळी उठून साहेब एकेकाकडे लक्ष घालू लागले. कोणी चहाच्या कपाचा फोटो टाकला, की साहेब लिहीत, 'कप आवडला. साखर किती घेता? मी अर्धा चमचा.' कोणी नव्या गाडीचा टाकला, की 'अभिनंदन. ब्रेक तपासून घ्यावेत.' आणि मग उत्तराची वाट बघत. चहा निवायचा, पेपर वाचून व्हायचा, उत्तर यायचं नाही. फार तर एखादा पिवळा अंगठा. साहेब त्या अंगठ्याकडे बघत बसत. शेकड्यांनी मित्र आणि घरात घड्याळाची टिकटिक, हे गणित काही त्यांना सुटेना.

शेवटी एका दुपारी त्यांनी ती खारीची गोष्ट लिहिली. 'आमच्या गॅलरीच्या पाइपात खार अडकली होती. मी झाडूच्या दांड्याने प्रयत्न केला.' एवढंच. संध्याकाळपर्यंत कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. दिवेलागणीला एक ओळ आली. लिहिणाऱ्याचं नाव 'मागचा बाक', आणि फोटोही एका लाकडी बाकाचाच.

'मग? निघाली का?'

साहेबांनी ती ओळ दोनतीनदा वाचली. चष्मा पुसून आणखी एकदा वाचली. काकू गेल्यापासून त्यांना 'मग?' असं कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी खार निघाल्याचं सविस्तर कळवलं, अंगठा सोलल्याचंही कळवून टाकलं.

हे मागचा बाक म्हणजे चार तासांच्या अंतरावरच्या शहरातले बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक. शाळेत कायम मागच्या बाकावर, म्हणून हे नाव. तेही एकटे. साहेब त्यांना बाकराव म्हणू लागले. बाकराव इंजिनांबद्दल लिहीत, साहेब कचेरीतल्या माणसांबद्दल. आपण कुठे राहतो तेही साहेबांनी एकदा रंगवून सांगितलं. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, खाली शिंप्याचं दुकान, वर तिसरा मजला. फोन नंबर मात्र दोघांनीही एकमेकांना मागितला नाही. बोलायचं म्हणजे आवाज येतो, आणि एकट्या माणसाच्या आवाजात नको ते ऐकू येतं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

एकदा बाकरावांनी लिहिलं, 'साहेब, आपण दोघेही एकांडे. झोपेत काही झालं, तर कळणार कोणाला? मी रोज सकाळी उठलो की "आहे" एवढं लिहितो. तुम्हीही लिहा.'

'आणि एखाद्या दिवशी नाही आलं तर?'

'तर समजायचं, की बघायला जायला हवं.'

तेव्हापासून रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी साहेब 'आहे' लिहीत आणि पलीकडून 'आहे' येई. जन्मभर दुसऱ्यांच्या हयातीचे दाखले दिलेल्या माणसाला आता कोणीतरी रोजच्या रोज दाखला देत होतं, आणि शिक्क्याशिवाय. खरं सांगायचं, तर साहेब त्यासाठीच उठत.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण बरं चाललेलं बघवत नाही म्हणतात ना, तसं झालं. त्यांच्या त्या शेकड्यांतल्या एका मैत्रिणीने लिहिलं, 'संपलं सगळं. आरशात बघायचीसुद्धा इच्छा उरली नाही.' खाली लोकांनी रडके चेहरे टाकले आणि निघून गेले. साहेबांना तसं निघून जाता येईना. त्यांनी बाकरावांना विचारलं. बाकराव म्हणाले, 'साहेब, अशा वेळी न विचारता जावं. उगाच गेलो असं ठरलं तर ठरलं.'

बाईंच्या फोटोंत मागे इमारतीची पाटी दिसायची. जवळचीच निघाली. साहेब रिक्षा करून गेले, खाली चौकशी केली, चार जिने चढले आणि बेल दाबली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या बाईंनी दार उघडलं. साहेबांना धाप लागली होती, त्यामुळे प्रास्ताविक जमलं नाही. चष्म्याच्या वरून बघत ते एवढंच म्हणाले, "आपण हयात आहात ना?"

बाई किंचाळल्या. आतून नवरा आला, त्यामागून सासू आली, शेजारचं दार उघडलं. चौकशीअंती असं निघालं, की पार्लरमध्ये बाईंचे केस नको तितके कापले गेले होते. टॉवेल त्यासाठी. साहेबांनी समजावून पाहिलं. "मी आपला मित्र. कुंडी." हे ऐकून नवरा एक पायरी खाली उतरला. साहेब दोन उतरले. बाकीच्या त्यांनी स्वतःच उतरल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांना अपमान झाल्यासारखं वाटत होतं, पण बाई जिवंत आहे याचा आनंदही होत होता. दोन्ही एकदम वाटायची सवय नसल्याने ते स्टॉप चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'आहे' लिहायला फोन उघडला, तर अकाउंटला कुलूप. 'आपल्याविरुद्ध तक्रार आली आहे. आपण खरी व्यक्ती आहात याची खात्री पटवून द्या.'

हा प्रश्न खिडकीच्या या बाजूने साहेबांना कोणी कधी केला नव्हता.

विमेवाले धावून आले. फोनचं म्हणणं, कॅमेऱ्यासमोर मान हळूहळू डावीकडे वळवा. साहेबांच्या मणक्यांची तऱ्हा अशी, की मान एकटी वळत नसे, मानेबरोबर साहेब सगळेच वळत. फोन हातात, त्यामुळे फोनही वळे, आणि फोनला पुन्हा तोच सरळ चेहरा दिसे. 'पुन्हा प्रयत्न करा.' अशा चारपाच गिरक्या झाल्यावर विमेवाल्यांनी फोन धरला आणि साहेब स्टुलावर बसून वळले. तेव्हा फोनला मान पटली, पण चेहरा पटेना. प्रोफाइलमधल्या फोटोशी चेहरा जुळत नाही, असा निकाल आला.

"कुंडीशी माझा चेहरा कसा जुळेल?" साहेब ओरडले. "कुंडी लावायला कोणी सांगितलं होतं?"

"ती सुरक्षेसाठी होती," विमेवाले शांतपणे म्हणाले. विमा विकणाऱ्या माणसाला शांत राहावंच लागतं.

नवं अकाउंट काढायला गेले, तर हा नंबर आधीच वापरात. विमेवाल्यांच्या अकाउंटवरून निरोप द्यावा म्हणून 'मागचा बाक' शोधला, तर गावोगावच्या शाळांचे बाकच बाक निघाले. जगात पुढे बसलेलं कोणी दिसतच नव्हतं. त्यातल्या एका बाकाला 'साहेब आहेत, काळजी नसावी' असं कळवलं. त्यांनी विमेवाल्यांना आपल्या वर्गमित्रांत घेतलं आणि विमेवाले तिथे पॉलिसी समजावत बसले.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "एवढं काय जिवाला लावून घेता? फोन बाजूला ठेवा नि फिरायला जा."

त्यांना कसं सांगायचं? साहेबांना फोनचं काही पडलं नव्हतं. चार तासांवर एक माणूस रोज सकाळी 'आहे' लिहून वाट बघत असेल, त्याला काय वाटत असेल, याचंच त्यांना वाईट वाटत होतं. आपण मेलो असं त्याला वाटणं वाईट, आणि आपण त्याला टाळलं असं वाटणं त्याहून वाईट.

तीन सकाळी अशाच गेल्या. मग फोनने शेवटची सवलत दिली. 'हयातसाहेब' या नावाचं ओळखपत्र सादर करा. असं ओळखपत्र कुठून आणणार? पण साहेब कचेरीत मुरलेले. हयातसाहेब आणि आपण एकच, असा दाखला जुन्या कचेरीतून आणायचं त्यांनी ठरवलं. रांगेत पहिला नंबर लागावा म्हणून दूध यायच्या आधीच दार ओढून घेतलं. लॅचचं दार, आपोआप लागलं.

कचेरीतल्या त्यांच्या खिडकीत आता एक बाई बसत. साहेबांनीच तयार केलेल्या. त्यांनी उठून नमस्कार केला, सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, दाखला दिला असता हो. पण तुमचा या वर्षीचा हयातीचा दाखला आलेला नाही."

साहेब विसरले होते. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांना आठवण केली, ते स्वतःचाच विसरले होते.

"म्हणजे कागदोपत्री मी काय?"

"कागदोपत्री..." बाई चाचरल्या. "आहात, असं म्हणता येत नाही."

"अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"साहेब, समोर उभं राहून भागत नाही, नोंद लागते. तुम्हीच शिकवलंत."

अंगठा घ्यायचं मशीन होतं, पण साहेबांचा अंगठा त्यात उमटेना. शिक्के मारून मारून रेषा गेल्या होत्या की पायाच्या अंगठ्यासारखाच तोही सोलला होता, देव जाणे. दुपारपर्यंत बसवून मशीनच बंद पडलं. "उद्या या साहेब. चहा तरी घ्या," बाई म्हणाल्या. कागदोपत्री नसलेल्या माणसाने चहा कसा घ्यावा? साहेब तसेच निघाले. वाटेत मोबाइलवाल्याचं दुकान लागलं. तो म्हणाला, "काका, फोन ठेवून जा. काहीतरी करतो." आणि त्याने फोन बंद करून खणात टाकला.

रिकाम्या हाताने साहेब लांबच्या रस्त्याने घराकडे चालू लागले. रस्त्यात माणसंच माणसं होती. कोणाचा धक्का लागला, तरी कोणी मागे वळून बघत नव्हतं. आपण नसल्याची नोंद बहुतेक सगळीकडे पोचली असावी, असं त्यांना वाटून गेलं.

इमारतीच्या जिन्यात पाऊल ठेवलं, तर वरून ड्रिलची घरघर. लोकांचा गलका. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक जाडसर, अनोळखी गृहस्थ पायरीवर बसले होते. शेजारी कापडी पिशवी. रुमालात तोंड घालून ते रडत होते, अगदी खांदे गदगदा हलत होते.

"काय झालं हो?" साहेबांनी विचारलं.

"वरचे साहेब गेले," गृहस्थ रुमालातूनच म्हणाले.

"विमेवाले? अरे देवा! काल तर चांगले..."

"नाही हो. हयातसाहेब." त्यांनी नाक पुसलं. "दाराशी दुधाची पिशवी तशीच. पेपर तसाच. बेल वाजवली, हाका मारल्या. समोरच्यांनी फोन लावला, तर तोही बंद. आता किल्लीवाला कुलूप तोडतोय. मला ते बघवेना, म्हणून इथे बसलो."

साहेबांनी सवयीने चौकशी केली. "तुम्ही त्यांचे कोण?"

"मित्र," ते म्हणाले. "तीन सकाळी त्यांचं काही आलं नाही. मग पहिली बस धरली. पत्ता धड नव्हता. खालून खिडकीत निळी कुंडी दिसली, तेव्हा ओळखलं." आणि पुन्हा हुंदका आला. "मी त्यांना कधी पाहिलंच नाही हो. तुम्ही इथलेच ना? कसे होते दिसायला?"

आयुष्यात कोणी साहेबांसाठी चार तास बसने आलं नव्हतं.

"दिसायला ना... असेच," ते म्हणाले. "साधारण माझ्यासारखे."

गृहस्थांनी रुमाल खाली घेतला. साहेबांनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे बघितलं.

"आहे," साहेब म्हणाले.

बाकराव उठले. आधी त्यांनी साहेबांचं मनगट घट्ट धरलं, इंजिन सुरू आहे की नाही बघतात तसं. मग साहेबांना मिठी मारून इतक्या मोठ्याने रडले, की वरची ड्रिल थांबली. मास्तरीणबाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अगंबाई, आहेत की हे!" किल्लीवाला म्हणाला, "आहेत तर आधी सांगायचं ना, कुलूप गेलं आता." आणि विमेवाले कानाला फोन लावून "धीर धर बाळा, तू लवकर निघ" असं म्हणता म्हणता साहेबांना बघून मटकन खालीच बसले.

साहेबांनी त्यांच्या हातातला फोन घेतला. पलीकडे मुलगा. टकटक नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि त्यात नको ते सगळं ऐकू येत होतं.

"अरे, मी बोलतोय," साहेब म्हणाले.

"बाबा?" मग मुलाच्या तोंडी सवयीने जे येत होतं तेच आलं. "बाबा... जेवलात का?"

बोलत बोलत साहेब घरात आले होते, त्यांनी मागे बघितलं. मोडक्या दाराला आतून खुर्ची टेकवून बाकरावांनी पिशवीतून डबा काढला होता. मास्तरीणबाईंनी त्यांना स्वयंपाकघर दाखवलं होतं आणि ते ताटं शोधत होते.

"नाही अजून," साहेब म्हणाले. "आत्ता बसतोय आम्ही."

"आम्ही? आम्ही म्हणजे कोण, बाबा?"

"सांगतो रे सावकाश," साहेब म्हणाले. "आधी ती खारीची गोष्ट ऐक."

पलीकडे मुलगा नाक ओढत म्हणाला, "सांगा. मग? निघाली का?"